एकच अल्बम, चार प्रेसिंग: खरा फरक कसा ऐकायचा

रेकॉर्ड हातात घ्या आणि शेवटच्या गाण्यापासून लेबलपर्यंतची गुळगुळीत पट्टी टॉर्चच्या तिरप्या उजेडात धरा. या पट्टीला डेडवॅक्स म्हणतात. तिच्यावर अक्षरं आणि आकडे दिसतील, काही ठशाने उमटवलेले, काही हाताने खरडलेले. कव्हर बदललेलं असू शकतं, आतली पिशवी दुसऱ्याच रेकॉर्डची असू शकते, पण डेडवॅक्समधला मजकूर त्या तबकडीच्या अंगावरच असतो. तुलना इथून सुरू करायची. कान नंतर.

त्या मजकुराला एवढं महत्त्व का, ते रेकॉर्ड कशी बनते त्यावरून कळतं. मास्टर टेप वाजवत मास्टरिंग इंजिनिअर लेथवर, म्हणजे खाच कोरणाऱ्या यंत्रावर, लॅकर (मऊ थराची कोरी तबकडी) कापतो. बास किती ठेवायचा, ट्रेबल किती, पातळी किती, मोठे आवाज किती दाबायचे, हे सगळं त्या कटात ठरून जातं. मग लॅकरवर धातूचा थर चढवून फादर, फादरवरून मदर, मदरवरून स्टॅम्पर, आणि स्टॅम्परने गरम व्हायनल दाबून तुमची प्रत. म्हणजे ‘प्रेसिंग’ या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी लपलेल्या आहेत: कट आणि छाप. कट अल्बमचा स्वभाव ठरवतो. छाप ठरवते की तो स्वभाव तुमच्या प्रतीत किती स्वच्छ उतरला. दोन्हींची गल्लत झाली की “जपानी प्रेसिंग भारी” किंवा “नवं प्रेसिंग बेकार” अशी एका तबकडीवरून काढलेली विधानं तयार होतात.

उदाहरणासाठी पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ घेऊ. मार्च १९७३ मध्ये आलेला हा अल्बम अनेक देशांत अनेक वेळा कापला गेला, आणि तुलनेला लागतो तसा सगळा मसाला त्यात आहे: अगदी हळू सुरुवात, टोकदार घड्याळं, खोल बास, आणि पहिल्या बाजूच्या शेवटी ताकदीने गायलेला स्त्रीचा आवाज. चार प्रती अशा धरू. पहिली ब्रिटिश, ईएमआय कंपनीच्या हार्वेस्ट शाखेची, क्रमांक एसएचव्हीएल ८०४, लेबलवर भरीव निळा त्रिकोण, मॅट्रिक्सच्या (डेडवॅक्समधल्या कटाच्या क्रमांकाच्या) शेवटी ए-२ आणि बी-२. दुसरी अमेरिकन, क्रमांक एसएमएएस-१११६३. अशा क्रमांकात एक आकडा चुकला की नोंद बिघडते, म्हणून लिहिल्यावर पुन्हा ताडून पाहा. तिसरी १९७९ ची मोबाइल फिडेलिटी या कंपनीची, स्टॅन रिकर यांनी हाफ-स्पीड, म्हणजे निम्म्या वेगाने, कापलेली. चौथी २०१६ ची, जेम्स गथ्री, जोएल प्लांट आणि बर्नी ग्रंडमन यांच्या मास्टरिंगची, १८० ग्रॅम.

एक सापळा आधीच टाळा. याच अल्बमचं क्वाड्रोफोनिक, म्हणजे चार स्पीकरसाठीचं, मिश्रणही १९७३ मध्ये निघालं, अॅलन पार्सन्स यांनी केलेलं, क्रमांक क्यू४ एसएचव्हीएल ८०४. ती रेकॉर्ड साध्या स्टिरिओवर वाजते, पण मिश्रणच वेगळं आहे. तिची स्टिरिओ प्रतीशी तुलना म्हणजे दोन प्रेसिंगची तुलना नव्हेच. कुठल्याही अल्बमच्या बाबतीत मोनो, स्टिरिओ, क्वाड आणि नंतर केलेलं रिमिक्स यांची सरमिसळ होऊ देऊ नका.

डेडवॅक्स वाचताना

ब्रिटिश ईएमआयच्या त्या काळच्या रेकॉर्डवर खुणांच्या जागा घड्याळासारख्या ठरलेल्या असतात. मॅट्रिक्स क्रमांक सहाच्या जागी येईल अशी तबकडी धरा. नऊच्या जागी मदरचा आकडा मिळेल आणि तीनच्या जागी स्टॅम्परची अक्षरं. ही अक्षरं म्हणजे आकडेच: जी म्हणजे १, आर २, ए ३, एम ४, ओ ५, पी ६, एच ७, एल ८, टी ९, डी ०. म्हणजे ‘जीआर’ दिसलं तर बारावा स्टॅम्पर. आकडा लहान म्हणजे लवकरची छाप, एवढंच ठामपणे म्हणता येतं. लवकरची म्हणून चांगली, असं नाही: पाचव्या स्टॅम्परची शेवटची तबकडी थकलेल्या साच्यातून आलेली असू शकते आणि चाळिसाव्याची पहिली ताज्या साच्यातून.

देश पाहून निष्कर्ष काढू नका. परदेशातल्या कंपनीला बहुधा मास्टरची नक्कल टेप पाठवली जायची. प्रत्येक नकलेत टेपचा हिस्स, म्हणजे मागची सरसर, थोडा वाढतो आणि वरचा बारकावा थोडा मऊ होतो. पण कधीकधी टेपऐवजी धातूचे साचेच पाठवले जायचे, आणि मग लेबल परदेशी असलं तरी कट मूळचाच असतो. दोन देशांच्या प्रतींवर मॅट्रिक्सचं अक्षरन् अक्षर आणि हाताच्या खरडीचं वळण सारखं दिसलं, तर तुम्ही दोन छापांची तुलना करताय, दोन कटांची नाही. चारही प्रतींच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. बाजू ए आणि बाजू बी वेगवेगळ्या कटाच्या असणं अजिबात दुर्मीळ नाही, म्हणून नोंद बाजूवार.

धुतल्याशिवाय सुई टेकवू नका

नवी रेकॉर्डसुद्धा धुवायची. साच्यातून निघालेल्या तबकडीवर कागदी पिशवीची धूळ आणि बारीक कण असतात, आणि जुन्या प्रतीत तर कित्येक वर्षांचा थर असतो. १ लिटर द्रावणासाठी ८०० मिली डिस्टिल्ड वॉटर, २०० मिली ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि फोटो धुताना वापरतात तो वेटिंग एजंट ४-५ थेंब. भांड्यांचा साबण नको, त्यातला सुगंध आणि चिकटपणा खाचेत राहतो. ग्रूव्हच्या, म्हणजे खाचेच्या, दिशेने, गोल, मऊ ब्रशने दोन्ही दिशांना आठ-दहा फेरे, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवा. लेबल कोरडं ठेवा. उभी करून किमान अर्धा तास वाळू द्या. ७८ च्या वेगाच्या लाखेच्या रेकॉर्डला हे द्रावण कधीही लावू नका, अल्कोहोलने लाख विरघळते.

धुतल्यावर पहिल्यांदा वाजवाल ते मोजणीत धरू नका. सुटा झालेला मळ सुईच्या टोकावर गोळा होतो आणि बाजू संपेपर्यंत आवाज मंद होत जातो. सुई मागून पुढे, म्हणजे टोनआर्मकडून (सुईच्या दांड्याकडून) कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या डबीच्या) पुढच्या टोकाकडे, कोरड्या ब्रशने साफ करा आणि मग खरी पहिली फेरी घ्या. यानंतर प्रत्येक बाजूआधी सुई साफ.

टर्नटेबल एकदा बसवा, मग हात लावू नका

ट्रॅकिंग फोर्स, म्हणजे सुईचा खाचेवरचा भार, डिजिटल काट्यावर मोजून लावा, टोनआर्मच्या रिंगवरच्या आकड्यावर भरवसा नको. कार्ट्रिज ऑर्टोफोन २एम ब्लू असेल तर शिफारस १.८ ग्रॅमची आहे आणि मर्यादा १.६ ते २.०. शंका असेल तर मर्यादेच्या वरच्या टोकाकडे राहा: हलकी सुई खाचेत उडते आणि जड सुईपेक्षा जास्त इजा करते. खोलीचं तापमान २० ते २५ अंश ठेवा, कारण सुईच्या मुळाशी असलेलं रबर थंडीत ताठ होतं. तुलनेआधी कुठलीही एक बाजू पूर्ण वाजवून कार्ट्रिज कामाला लावा. मॅट, क्लॅम्प, केबल चारही प्रतींना तेच.

जाडीबद्दल बरंच बोललं जातं. १८० ग्रॅमची तबकडी जुन्या १२०-१४० ग्रॅमच्या तबकडीपेक्षा थोडी जाड असते, त्यामुळे सुईचा उभा कोन बदलतो, हे खरं. पण हिशोब करून पाहा: २२९ मिलिमीटर लांबीच्या टोनआर्मची उंची १ मिलिमीटरने बदलली तर कोन बदलतो पाव अंश. साध्या लंबगोल टोकाच्या सुईला एवढ्याने काही होत नाही. बारीक लाइन-कॉन्टॅक्ट टोकाला थोडं होऊ शकतं, तेव्हा उंची दोन जाडींच्या मधोमध लावून सोडून द्या. “जाड म्हणून चांगली” हा समज मात्र मनातून काढा. वजनाने कट सुधारत नाही.

पातळी जुळवणं, म्हणजे अर्धं काम

इथे सर्वात जास्त तुलना फसतात. दोन प्रतींत एक डेसिबलचा फरक असेल तर कानाला मोठी प्रत “मोठी” वाटत नाही. ती “उघडी”, “भरीव”, “जिवंत” वाटते. कमी आवाजात ऐकताना बास आणि ट्रेबल कानाला कमी लागतात, त्यामुळे कमी पातळीच्या कटाची प्रत विनाकारण पातळ ठरते. कटांच्या पातळीत दोन-तीन डेसिबलचा फरक सहज असतो. आवाजाचं बटण अंदाजाने फिरवून हे जुळत नाही, आणि मोबाइलमधलं मोजमापाचं ॲपही पुरेसं बारीक नाही. फरक ०.२ डेसिबलच्या आत आणायचा, तर रेकॉर्ड कॉम्प्युटरमध्ये उतरवावी लागते.

फोनो प्रीॲम्पमधून (कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल वाढवणारं यंत्र) ऑडिओ इंटरफेसमध्ये (कॉम्प्युटरला आवाज जोडणारी पेटी) २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करा. चारपैकी सर्वात मोठ्या आवाजाच्या कटाची प्रत आधी लावा, तिची सर्वात मोठ्या आवाजाची जागा शून्याच्या ६ डेसिबल खाली राहील एवढा गेन ठेवा, आणि मग त्या बटणाला हात लावू नका. चारही प्रती उतरल्या की ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये तोच ४५-६० सेकंदांचा तुकडा प्रत्येकातून कापा.

आता तुकड्यांची पातळी सारखी करायची, पण शिखरावरून नाही. पीक नॉर्मलायझेशन केलं की एखाद्या टिकटिकीवर सगळं ठरतं: ज्या प्रतीत मोठा ‘फट’ आहे तिचं संगीत खाली राहतं. सरासरी पातळीवरून जुळवा. तिथेही एक मेख आहे. एका कटात बास जास्त असेल तर सरासरी बासनेच फुगते आणि गाण्याचा मधला भाग मागे पडतो. म्हणून तुकड्याची एक जास्तीची नक्कल करा, तिच्यावर ३०० ते ३००० हर्ट्झचा फिल्टर लावून सरासरी मोजा, आणि तो फरक मूळ, फिल्टर न लावलेल्या तुकड्यांना द्या. असं केलं की गायकाचा आवाज चारही प्रतींत सारख्या अंतरावर उभा राहतो आणि बास-ट्रेबलचा खरा फरक उघडा पडतो.

वेगही तपासा. सहा मिनिटांच्या गाण्यात एक सेकंदाचा फरक म्हणजे ०.२८ टक्के, म्हणजे सुमारे ५ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). टर्नटेबल तेच असताना असा फरक टिकून दिसला, तर कापताना टेपच वेगळ्या गतीने फिरली होती. किंचित जलद प्रत जास्त चटपटीत वाटते, त्यामुळे हे आधी माहीत असलेलं बरं. आणि दोन रेकॉर्डिंग एकमेकांतून वजा करून ‘फरक’ ऐकायचा प्रयत्न करू नका. १० किलोहर्ट्झच्या लाटेची अर्धी फेरी ०.०५ मिलिसेकंदांत संपते. कुठल्याही दोन व्हायनल वाचनांत वेग त्याहून जास्त डगमगतो, उरतो तो फक्त गोंगाट.

काय, कुठे ऐकायचं

पहिल्या बाजूची सुरुवात हृदयाच्या ठोक्यांनी होते, अगदी शांततेतून. इथे व्हायनलचा दर्जा कळतो. ठोका ऐकू येण्याआधी काय आहे? एकसारखी बारीक खरखर असेल तर ती द्रव्याची किंवा थकलेल्या स्टॅम्परची. सुट्या टिकटिका असतील तर धूळ, ओरखडे. खोल घरघर असेल तर आधी टर्नटेबलवर संशय घ्या. ती चारही प्रतींत येत असेल तर यंत्राचीच.

‘टाइम’मधली घड्याळं टोकाची परीक्षा घेतात. प्रत्येक गजराचा पहिला क्षण टणक आहे की घासल्यासारखा? चांगल्या कटात वेगवेगळी घड्याळं वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या धातूंची वाटतात. मऊ कटात ती एका परातीवर ओतल्यासारखी येतात. त्यानंतर बँडचे ड्रमर निक मेसन यांचे रोटोटॉम (छोटे ड्रम) येतात. तिथे ठोक्याकडे नाही, ठोका विरल्यावर उरणाऱ्या गुंजेकडे लक्ष द्या. या गुंजेचा मागोवा किती लांबवर घेता येतो, हे नक्कल टेप ओळखायचं फार भरवशाचं माप आहे.

पहिली बाजू संपते ती ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ने, आणि या एका गाण्यासाठी सगळ्यात जास्त वेळ द्या. कारण जागेत आहे. तबकडीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, आतल्या टोकाला फक्त २१. १० किलोहर्ट्झची एक लाट बाहेर ५१ मायक्रॉन लांब असते, आत २१. तेवढ्या दाटीत गायिका क्लेअर टॉरी यांचा सर्वात चढा आवाज कापायचा आहे. इंजिनिअर इथे काय करतो यावर कटाची ओळख पटते. एक जण ट्रेबल थोडा झाकतो आणि स्वर शाबूत ठेवतो, दुसरा उघडा सोडतो आणि स्वराच्या शेंड्याला कापड फाटल्यासारखी किनार येते. रिचर्ड राइट यांच्या पियानोचे लांब धरलेले सूर इथेच भोक मध्यावर नसल्याचं उघड करतात: भोक अर्धा मिलिमीटर सरकलेलं असेल तर आतल्या टोकाला सूर १४ सेंट वर आणि १४ सेंट खाली झुलतो. बाहेरच्या कडेला हाच झोका निम्म्याहूनही कमी असतो, म्हणून कधीही फक्त पहिलं गाणं ऐकून प्रत पास करू नका.

दुसऱ्या बाजूला ‘मनी’ची नाणी डाव्या-उजव्या बाजूंची वेगळीक दाखवतात आणि बास गिटारची ओळ बासचा खरा आकार. सूर ऐकू येतात की नुसती ढम? हाफ-स्पीड कटात टेप आणि लेथ दोन्ही निम्म्या वेगाने चालतात, त्यामुळे वरच्या सुरांना कटर हेडवर आराम मिळतो. पण बासही निम्म्यावर येतो, २० हर्ट्झचा १० होतो, आणि तिथे टेप मशीन सांभाळणं अवघड. म्हणून अशा प्रतीत झांजांचं कौतुक करून थांबू नका, बास नीट तपासा. ‘अस अँड देम’मध्ये आवाजाचे प्रतिध्वनी मोजा, किती वेळा ऐकू येतात ते. आणि शांत कडव्यातून समूहगानात जाताना मोठेपणाची उडी दाबली गेली आहे का, ते पाहा.

दोष कटाचा, की या प्रतीचा?

३३⅓ च्या वेगाला एक फेरी १.८ सेकंदांची. हा आकडा लक्षात ठेवा, पुष्कळ निदान त्यावरच होतं. दर १.८ सेकंदांनी टिक म्हणजे आडवा ओरखडा. त्याच तालात सूर झुलणं म्हणजे भोक सरकलेलं, टोनआर्म डावी-उजवीकडे डुलताना डोळ्यांनीही दिसेल. मोठा आवाज येण्याआधी १.८ सेकंद त्याचीच पुसट सावली ऐकू आली तर शेजारच्या खाचेचा ठसा, आणि तो त्या लॅकरच्या अनेक प्रतींत असू शकतो. मात्र टेपच्या वेटोळ्यांतूनही अशी सावली पडते, जवळपास तेवढ्याच अंतराने. तीच जागा सीडीवर ऐका. तिथेही असेल तर टेपची.

कोऱ्या रेकॉर्डमध्ये बहुधा एकाच बाजूच्या स्पीकरमधून काही सेकंद झिप ओढल्यासारखा ‘झर्रर्र’ आला, तर गरम व्हायनल साच्यात पूर्ण भरलं गेलं नाही. धुऊन जात नाही. दुसरी प्रत मागवा.

सगळ्यात फसवी गोष्ट झीज. चकाकणारी तबकडी पूर्वीच्या जड किंवा झिजलेल्या सुईने आतून खरवडलेली असू शकते. झीज आणि मंद कट यांत फरक असा: मंद कट सगळीकडे सारखा मऊ आणि स्वच्छ असतो. झिजलेली खाच हळू आवाजाच्या जागी ठीक वाटते आणि मोठ्या आवाजाच्या जागी, विशेषतः ‘स’ आणि ‘श’वर, फाटते. दोन्ही बाजूंच्या चॅनेलमध्ये फाटणं कमी-जास्त असेल तर संशय अजून पक्का. अल्बममधली सर्वात मोठ्या आवाजाची जागा सर्वात आधी वाजवून पाहा. ती फाटली तर त्या प्रतीवरून कटाबद्दल काहीही लिहू नका.

जमलं तर प्रत्येक कटाच्या दोन प्रती ऐका. दोघींत जे समान ते कटाचं, जे वेगळं ते छापेचं किंवा झिजेचं. दोन प्रती मिळत नसतील, तर नोंदीत “एकच प्रत ऐकली” असं स्पष्ट लिहा.

आंधळी चाचणी आणि नोंद

पातळी जुळवलेल्या तुकड्यांना नावं न देता दुसऱ्या कुणाकडून क्रम बदलून घ्या, किंवा फूबार२००० या सॉफ्टवेअरमधली एबीएक्स सोय वापरा, ज्यात लपवलेला तुकडा दोहोंपैकी कोणता ते ओळखायचं असतं. १६ वेळा करा. नुसत्या अंदाजाने १२ किंवा जास्त बरोबर यायची शक्यता ४ टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणून १२ हा किमान आकडा धरा. अडचण अशी की दोन प्रतींच्या टिकटिका वेगवेगळ्या असतात आणि कान त्यावरूनच ओळखतो. त्यामुळे ५-८ सेकंदांची, टिक नसलेली जागा निवडा. तुकडे कापून ऐकल्यावर शेवटी चारही प्रती टर्नटेबलवर पूर्ण बाजूने ऐका. वीस मिनिटांनी कान थकतो की अजून मागतो, हे तुकड्यांतून कळत नाही, आणि शेवटी रेकॉर्ड आपण तशीच ऐकतो.

स्पेक्ट्रमचा आलेख काढलात तर रुंद पट्ट्यातला १-२ डेसिबलचा चढ-उतार कटाचा समजा. १२ किलोहर्ट्झच्या वरचा अर्धा डेसिबल सोडून द्या, तो सुई, कोन किंवा झीज यांपैकी कशाचाही असू शकतो. डायनॅमिक रेंज मोजणारं मीटर व्हायनलला वापरू नका. तेच मास्टर व्हायनलवरून मोजलं तरी आकडा सीडीपेक्षा मोठा दाखवतं, आणि तो मोठा आकडा खरा नसतो.

नोंद अशी ठेवा: क्रमांक, बाजू, पूर्ण मॅट्रिक्स, मदर-स्टॅम्पर, प्रतीची अवस्था, कार्ट्रिज आणि फोर्स, पातळीत किती डेसिबल सुधारणा द्यावी लागली, आणि मग गाणं-मिनिट-सेकंदासह एकेक निरीक्षण. “आवाज उबदार” असं लिहू नका. “टाइम, रोटोटॉमची गुंज दुसऱ्या प्रतीपेक्षा लवकर विरते” असं लिहा. आठवड्याने जुनी नोंद न पाहता पुन्हा ऐका आणि नवी लिहा. दोन्हींत जुळलेल्या ओळी तेवढ्या ठेवा, बाकीच्या खोडा.